मुलांचा योग आणि मोठ्यांची फलश्रुती

(पाथरी येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



पत्रिकेवर विषय छापलाय, ‘मुलांसाठी योगाचे फायदे’. असा विषय मिळाला म्हणजे वक्त्याचं काम फार सोपं होतं. एकाग्रता वाढते, स्मरणशक्ती वाढते, उंची वाढते, पचन सुधारतं, चिडचिड कमी होते, परीक्षेत गुण वाढतात. एवढं म्हणायचं, शेवटी ‘करा योग, रहा निरोग’ म्हणायचं आणि चहाला जायचं. (हशा)

ती यादी आज मीही वाचणार आहे, पण तपासायला. एखाद्या कथासंग्रहाची आपण समीक्षा करतो ना, तशी मला या ‘फायदे’ नावाच्या लेखनप्रकाराची करायचीय. मुलांच्या योगाबद्दल मराठीत जे लिहिलं-बोललं जातं, त्यातलं पुष्कळसं याच प्रकारात मोडतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. मुलांना योगाचा उपयोग होतो. पण तो उपयोग लहान आहे, हळूहळू होणारा आहे, आणि आपण जी लांबलचक यादी त्याच्या डोक्यावर ठेवतो, तिच्याखाली तो दबून जातो.

मुलांसाठीचं योगासनांचं छोटं पुस्तक डोळ्यांपुढं आणा. मुखपृष्ठावर पद्मासनात बसलेला गुटगुटीत मुलगा. आत प्रत्येक पानाचा साचा ठरलेला: आसनाचं नाव, चित्र, कृती, फायदे. कृतीचा भाग बहुतेक वेळा बरा असतो. पाय कुठं, हात कुठं, श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा, हे नीट दिलेलं असतं. गडबड होते ती शेवटच्या चार ओळींत. पश्चिमोत्तानासन: पोटावरची चरबी कमी होते, मधुमेहावर उपयोगी. भुजंगासन: कंबरदुखी जाते. पवनमुक्तासन: गॅसेस आणि बद्धकोष्ठतेवर गुणकारी. आता हे वाचणारं लेकरू चौथीत आहे. त्याला कंबरदुखी नाही, मधुमेह नाही, आणि पोटावरची चरबी तर आमच्या बऱ्याच लेकरांच्या अंगावर शोधूनही सापडायची नाही.

मग हे फायदे कुणाचे? पन्नाशीतल्या माणसाचे. मोठ्यांच्या पुस्तकातून मजकूर तसाच उचलला, चित्रात तेवढा मुलगा बसवला. बापाचा सदरा टाके घालून लेकराला घालावा, तसला प्रकार. मुलाचं शरीर म्हणजे लहान आकाराचं मोठं शरीर नव्हे. ते वाढतंय, त्याची हाडं अजून पक्की व्हायचीत, त्याचं लक्ष दर दोन मिनिटांनी उडतं आणि ते तसं उडणं त्या वयाला साजेसंच आहे. या शरीराला योगातून काय मिळेल, हा प्रश्न त्या पानावर कुणी विचारलेलाच नसतो.

ही सवय मात्र आजची नाही. आपल्या घरात संध्याकाळी मुलांना स्तोत्रं शिकवतात. स्तोत्राच्या शेवटी फलश्रुती असते. हे म्हटलं तर विद्या मिळेल, धन मिळेल, पुत्र मिळेल, संकटं जातील. फलश्रुतीचं काम म्हणणाऱ्याला उमेद देण्याचं. ती कुणी मोजून बघत नाही. सहा महिने स्तोत्र म्हणूनही धन आलं नाही म्हणून कुणी तक्रार करायला जात नाही. तिची जागा श्रद्धेत आहे आणि तिथं ती शोभते.

योगाच्या जुन्या ग्रंथांतही अशी फलश्रुती आहे. स्वात्मारामाची हठप्रदीपिका साधारण पंधराव्या शतकातली. तिच्यात पंधरा आसनं सांगितलीत. मयूरासनाचं फळ काय, तर वाईटसाईट खाल्लेलं पचतं, कालकूट विषसुद्धा पचतं. पश्चिमोत्तानाचं फळ काय, तर जठराग्नी पेटतो आणि पोट कृश होतं. म्हणजे आजच्या पुस्तकातली ‘पोटावरची चरबी’ कुठून आली, ते कळलं ना? पाच-सहाशे वर्षांचा प्रवास करून ती आलीय. त्या ग्रंथाचा वाचक होता साधक. लहानशा मठीत राहणारा, मोजकं खाणारा, गुरूच्या नजरेखाली अभ्यास करणारा. योग कुणाला साधतो, हे सांगताना तो ग्रंथ तरुण, म्हातारा, अतिवृद्ध, आजारी, दुबळा अशी नावं घेतो. त्या यादीत बालकाचं नाव नाही. याचा अर्थ मुलांना योग वर्ज्य आहे असा मी काढत नाही. एवढाच काढतो, की ती फळं मुलांना समोर ठेवून सांगितलेली नव्हती.

आणि योगाच्या परंपरेतच या फळांबद्दल सावधपणाही आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत आसनावर अवघी तीन सूत्रं आहेत. तिसऱ्या पादात सिद्धींची भली मोठी यादी येते, आणि त्याच पादात सांगितलंय की या सिद्धी समाधीच्या वाटेतले अडथळे आहेत. आपल्या मराठी मुलखातली गोष्ट तर तुम्हाला पाठ आहे. चांगदेव, परंपरा म्हणते चौदाशे वर्षं जगलेला योगी, वाघावर बसून आला. म्हणजे आपली फलश्रुती बरोबर घेऊनच आला. आणि त्याला ज्ञान दिलं कुणी? मुक्ताबाईनं. वयानं लहान पोर. तिला त्या वाघाचं काही वाटलं नाही. योगाचं मोजमाप त्याच्या चमत्कारानं करू नये, हे आपल्याकडं एका मुलीच्या तोंडून सांगितलं गेलंय. आपण मात्र मुलांसमोर पुन्हा वाघच उभा करतो. फक्त आता वाघाचं नाव आहे गुणपत्रिका.

आता योग शाळेत आला कसा, ते थोडक्यात बघू. ही गोष्ट बरीचशी महाराष्ट्रातलीच आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत आणि त्यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत ते सक्तीचे केले. त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं, आणि १९३८ साली लंडनमधून त्याची इंग्रजी आवृत्तीही निघाली. सूर्यनमस्कार हा व्यायाम म्हणून आला होता, आखाड्याच्या वळणाचा. सांताक्रूझच्या योग संस्थेचे संस्थापक योगेंद्रजी यांना तर त्याची योगात केलेली सरमिसळ मुळीच मान्य नव्हती. आज मुलांना ‘योग म्हणजे काय’ विचारलं तर आधी सूर्यनमस्काराचंच नाव येतं. शंभर वर्षांत गोष्टी इतक्या बदलतात.

दुसरं नाव स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. समूहानं, हुकमावर करायच्या यौगिक व्यायामाचा नमुना त्यांनीच तयार केला. आज शाळेच्या मैदानावर ‘एक, दोन, तीन’वर आसनं होतात, त्यामागं तो नमुना आहे. पण त्यांचं मोठेपण मला दुसऱ्या गोष्टीत वाटतं. त्यांनी फलश्रुती प्रयोगशाळेत नेली. क्ष-किरण लावले, दाब मोजले, श्वास मोजला. आणि मोजल्यावर जे निघालं ते छापलं, सोयीचं असो वा गैरसोयीचं. प्राणायामानं शरीराला भरपूर जादा ऑक्सिजन मिळतो, ही समजूत तेव्हाही होती. ती खरी नाही, प्राणायामाचं मोल दुसरीकडं आहे, असं त्यांनी मांडलं. त्याला कित्येक दशकं झाली. मुलांच्या पुस्तकात अजून काय लिहितात? ‘प्राणायामामुळे मेंदूला जास्त ऑक्सिजन मिळून बुद्धी तल्लख होते.’ कुवलयानंदांचा फोटो आपण भिंतीवर लावला, त्यांची तपासून बघायची सवय मात्र घेतली नाही.

तर मग आपण ती सवय थोडी घेऊ. मुलांवर योगाचा परिणाम तपासला गेलाय का? गेलाय. २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तो हरिद्वारच्या पतंजली संस्थेतल्या संशोधकांचा. शर्ली टेलेस प्रमुख होत्या आणि लेखकांत आचार्य बाळकृष्णांचंही नाव आहे. म्हणजे योगाच्या माहेरचाच अभ्यास. ८ ते १३ वयाची ९८ शाळकरी मुलं घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले, प्रत्येकी ४९. एका गटाला योग, दुसऱ्याला साधा शारीरिक व्यायाम. तीन महिने.

निघालं काय? दोन्ही गटांच्या उठाबशा, म्हणजे पाठीवर झोपून उठण्याचा जो व्यायाम असतो तो, वाढल्या. लक्ष आणि मनावरचा ताबा तपासणारी रंग-शब्दांची एक चाचणी असते, तिच्यात दोन्ही गट सुधारले. योगाच्या गटात हाताची चपळाई वाढली, आणि स्वतःबद्दलचा आदर एकूणात वाढला. व्यायामाच्या गटात तोल थोडा बिघडला. पण चार लोकांत, सवंगड्यांत आपली किंमत काय, या भावनेत व्यायामाचा गट योगाच्या गटापेक्षा पुढं निघाला. मला हा निकाल फार बोलका वाटतो. मला त्याचं कारण असं वाटतं, की योगात प्रत्येक मूल आपापल्या सतरंजीवर असतं. धावण्यात, खेळण्यात ते दुसऱ्याबरोबर असतं. दोन्ही हवं.

समीक्षकानं दुसरी बाजूही सांगायला हवी. या अभ्यासात काहीच न करणारा तिसरा गट नव्हता. तीन महिन्यांत मुलं अशीही वाढतात, शिकतात. त्यामुळं सुधारणा योगाची किती, व्यायामाची किती आणि वयाची किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. २००९ साली मुलांवरच्या ३४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्याचं म्हणणं असं, की निकाल आशादायक आहेत, पण बऱ्याच अभ्यासांचा दर्जा कमी आहे. २०१६ साली शाळांतल्या योगावरचे ४७ शोधनिबंध तपासले गेले. त्यात ३० अमेरिकेतले आणि १५ भारतातले. सूर तोच: ताण कमी होणं, मनःस्थिती सुधारणं याच्या खुणा दिसतात, पण हे संशोधन अजून बाल्यावस्थेत आहे. जगाला योग आपण दिला असं आपण म्हणतो, आणि मोजणीत आपण निम्म्यावर. हा हिशेबही लक्षात ठेवावा.

आता यादीतल्या दोन-तीन ओळी तपासू. ‘ताडासनानं उंची वाढते.’ उंची ठरते आईवडिलांकडून आलेल्या वारशावर, खाण्यावर, लहानपणीच्या आजारपणांवर. ताडासनानं पोक काढून बसायची सवय कमी होईल, मूल ताठ उभं राहील आणि उंच दिसेल. तेवढं लिहा ना. तेही काही कमी नाही. ‘स्मरणशक्ती वाढते, गुण वाढतात.’ लक्ष थोडं स्थिरावतं, एवढं म्हणायला आधार आहे. पण त्यापासून दहावीच्या टक्क्यांपर्यंतची उडी फलश्रुतीची आहे. आणि ती उडी महागात पडते. कारण गुणांसाठी योग सुरू केलेला बाप चाचणी परीक्षेत गुण वाढले नाहीत की योग बंद करतो. म्हणतो, ‘काही फरक पडला नाही, त्यापेक्षा शिकवणी लावू.’

मग खरा उपयोग कोणता? मी चार गोष्टी सांगतो. चारही अशा आहेत की मुलाला स्वतः करून बघता येतील.

पहिली, श्वास. आत्ताच मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी बघा. श्वास घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना किंचित मंद होतात. लहानांत आणि तरुणांत हे जास्त ठळक असतं. म्हणून श्वास सावकाश, लांब सोडला की धडधड उतरते. तोंडी परीक्षेला उभं राहिलेल्या, भांडण करून लाल झालेल्या, रात्री घाबरून उठलेल्या लेकराच्या हातात ही एक गोष्ट असते. कुणाला न विचारता वापरता येते. मात्र लहान मुलांना श्वास कोंडून धरायला लावू नये. कुंभक हा त्यांचा विषय नाही.

दुसरी, तोल. वृक्षासनात एका पायावर उभं राहताना डोळे, कानाच्या आतलं तोलाचं इंद्रिय आणि घोट्यातली जाणीव असे तिघं मिळून काम करतात. डोळे मिटा, लगेच डुलाल. मुलांना हा खेळ आवडतो. पडलं तर हसू येतं, आणि कालच्यापेक्षा आज दोन श्वास जास्त उभं राहिलो हे कळतं.

तिसरी, स्वतःच्या शरीराची ओळख. कुठं ताणलं, कुठं दुखलं, कुठं थांबायचं. ‘आता बास’ म्हणायला शिकणं ही मोठी गोष्ट आहे. दुसऱ्याकडं बघून मान मोडेपर्यंत वाकायचं नसतं, हे मुलाला कळलं तर ते पुढं जन्मभर उपयोगी पडतं. म्हणून शीर्षासनाच्या फोटोंची मला भीती वाटते. वाढत्या मानेवर सगळ्या शरीराचा भार, आणि समोर टाळ्या. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारनं योगासनाला स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता दिली. स्पर्धेला माझा विरोध नाही. चांगल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली तो सुंदर खेळ आहे. पण वर्गातल्या चाळीस मुलांचा योग आणि स्पर्धेतल्या एकाचा योग, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चौथी गोष्ट मुलींची. सातवी-आठवीपासून आपल्याकडच्या कितीतरी मुलींचं मैदान सुटतं. कबड्डी सुटते, खो-खो सुटतो, सायकलसुद्धा सुटते. योग असा आहे की दहा बाय दहाच्या खोलीत, दार लावून, कुणाची परवानगी न घेता चालू राहू शकतो. मुलींनी मैदान सोडावं असं मी मुळीच म्हणत नाही. मैदान परत मिळेपर्यंत शरीर आपलं राहावं, एवढंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं बोलतो. योगाच्या प्रत्येक पुस्तकात पहिला नियम असतो, आसनं रिकाम्या पोटी करावीत. बरोबर आहे. पण रिकामं पोट वेगळं आणि उपाशी पोट वेगळं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. तिच्यानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आहेत, ३६.१ टक्के मुलांचं वजन कमी आहे. सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आहे. देशात १५ ते १९ वयाच्या मुलींत तो ५९.१ टक्के आहे. हीच मुलं पुढं पहिलीत येतात, हीच मुलगी नववीच्या रांगेत उभी असते. सकाळी घरी चहा-बटर खाऊन, कधी तेही न खाता आलेली. शाळेतली खिचडी दुपारी. सहाव्या सूर्यनमस्काराला तिला धाप लागते, डोळ्यांपुढं अंधारी येते, आणि आपण म्हणतो, ‘आळशी आहे.’ रक्त कमी असलं की धाप लागते, थकवा येतो. हे तिचं आळसाचं लक्षण नाही, आजाराचं आहे. तिला आधी आठवड्याची लोहाची निळी गोळी नियमित मिळतेय का, ते बघा. ती गोळी तिनं जेवणानंतर खाल्ली का, ते बघा. मग आसन.

‘पोट कृश होतं’ ही फलश्रुती अशा मुलांच्या पुस्तकात छापताना आपला हात थांबत नाही, याचं मला नवल वाटतं. योगाला अन्नाच्या जागी उभं करू नये. खेळाच्या जागीही उभं करू नये. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी दिवसाला सरासरी साठ मिनिटं बऱ्यापैकी दम लागेल अशी हालचाल सांगते. संथ आसनांनी ती गरज भागत नाही. क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी आहे म्हणून योग, मैदान नाही म्हणून योग, असं झालं की योगाचंही नुकसान आणि मुलांचंही.

आता २१ जून. डिसेंबर २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस जाहीर केला, १७७ देशांनी ठरावाला साथ दिली, आणि २०१५ पासून तो साजरा होतो. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण आपल्या मराठवाड्यातलं वेळापत्रक बघा. जूनच्या मध्याला शाळा उघडतात. पुस्तकं वाटायचीत, पटनोंदणी चाललीय, घरी पेरणीची घाई, आणि आठवड्याच्या आत योग दिन. वर्षभर कधी न केलेलं मूल त्या दिवशी एकदम चाळीस मिनिटं आसनं करतं. फोटो निघतो, अहवाल जातो. बावीस तारखेला काय? पतंजलीनं अभ्यासाच्या तीन अटी सांगितल्यात: दीर्घ काळ, खंड न पडता, आणि आदरानं. एका दिवसाच्या सोहळ्यात यातली एकही बसत नाही.

तुम्ही पाथरीकर. साईबाबांचं जन्मस्थान आपलं गाव, अशी इथली श्रद्धा आहे. त्यांच्या नावानं दोन शब्द घराघरात लावलेले असतात, श्रद्धा आणि सबुरी. आपल्या योग दिनात श्रद्धा पुष्कळ असते. सबुरी दिसत नाही. आणि मुलांच्या योगात तीच तर लागते.

या गावात मराठी शाळा आहेत, उर्दू शाळा आहेत. त्यामुळं एक प्रश्न टाळून पुढं जाता येत नाही. योग धार्मिक आहे का? सूर्यनमस्कारावरून वाद झाले, आणि २०१५ च्या पहिल्या योग दिनाच्या सरकारी कार्यक्रमात सूर्यनमस्कार ठेवलेच नव्हते. हा वाद फक्त आपला आहे असं समजू नका. अमेरिकेत अलाबामा राज्यानं १९९३ साली सरकारी शाळांत योगाला बंदी केली. २०२१ साली ती उठवली, पण ‘नमस्ते’ म्हणायचं नाही आणि आसनांची नावं इंग्रजीतच घ्यायची, या अटीवर. कॅलिफोर्नियात एन्सिनिटास गावी पालक कोर्टात गेले. तिथल्या शाळेनं पद्मासनाचं संस्कृत नाव काढून ‘क्रिस-क्रॉस अ‍ॅपलसॉस’ हे बालवाडीतल्या मांडी घालण्याचं नाव दिलं होतं. (हशा) २०१५ साली वरच्या कोर्टानं निकाल दिला की शाळेत चाललंय ते धर्मशिक्षण नाही. आपल्याकडं पहिली ते आठवीला योग सक्तीचा करा, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली. ऑगस्ट २०१७ मध्ये न्यायालयानं ती फेटाळली. शाळेत काय शिकवायचं हे ठरवणं आमचं काम नाही, असं सांगितलं.

मला यात एक साम्य दिसतं. योगात पाच हजार वर्षांचं सगळं ज्ञान भरलंय म्हणणारा आणि योगानं आमचं लेकरू बाटेल म्हणणारा, दोघंही आसनाच्या पोटात फार मोठी फलश्रुती बघतात. सहा वर्षांचं पोर मात्र एका पायावर उभं राहायचा प्रयत्न करत असतं. त्याच्याकडं बघावं. एखाद्या घरच्यांना मंत्र नको असेल तर मंत्राशिवाय करावं. सूर्यनमस्कार नको असतील तर ताडासन, वृक्षासन, मार्जारासन आहे, लांब श्वास आहे. नाव मराठीत घ्या, उर्दूत घ्या. घोट्याला कळतं काय करायचं ते. सक्ती मात्र नको. सक्तीनं घातलेल्या आसनात शरीर वाकतं आणि मूल आतून ताठर होतं.

आणखी एक गट आहे, त्याचं नाव पुस्तकात कधी येत नाही. ऊसतोड मजुरांची मुलं. दिवाळीच्या सुमारास बैलगाडीत, ट्रकमध्ये बसून निघतात, उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. मधले महिने कोपीत. शाळा सुटते, खिचडी सुटते. योगाला साहित्य लागत नाही हे खरं असेल, तर तो या मुलांबरोबर जाऊ शकतो. जून ते ऑक्टोबर रोज दहा मिनिटं केलेली चार आसनं आणि एक श्वास त्यांच्याबरोबर फडावर जाईल. एका दिवसाचा सोहळा जाणार नाही. अर्थात, मुलाला श्वास शिकवला म्हणजे त्याची शाळा सुटल्याची भरपाई झाली, असं कुणी समजू नये. ती जबाबदारी आपली, मोठ्यांचीच राहते.

म्हणून शेवटी शिक्षकांना एक काम सांगतो. तुमच्या शाळेच्या कपाटात जे पुस्तक असेल, त्यातलं एक पान काढा. भुजंगासनाचं घ्या. खालचे ‘फायदे’ कागद चिकटवून झाका आणि मुलांना सांगा, पंधरा दिवस रोज करा, मग तुम्हीच लिहा. ते लिहितील, ‘छाती ताणल्यासारखी वाटते.’ ‘दप्तर घेऊन आल्यावर पाठीला बरं वाटलं.’ ‘मला काहीच वाटलं नाही.’ हे शेवटचंही जपून ठेवा, खोडू नका. कुवलयानंदांनी जे केलं, ते तुमच्या चौथीच्या वर्गात एवढ्या साध्या रीतीनं होऊ शकतं.

परिपाठात प्रार्थना होते, प्रतिज्ञा होते, दिनविशेष होतो, बोधकथा होते. तिथंच दहा मिनिटं काढा. रोज. चार आसनं, पाच लांब श्वास. ज्या लेकरानं सकाळपासून काही खाल्लेलं नाही त्याला बाजूला बसवा आणि त्याच्या खाण्याचं बघा. मैदानाचा तास कापू नका. आणि पालकांनी विचारलं, ‘सर, यानं गुण वाढतील का?’, तर खरं उत्तर द्या: माहीत नाही, पण लेकरू थोडं ताठ उभं राहील आणि घाबरलं तर स्वतःला सावरायला शिकेल. एवढं ऐकून जे पालक ‘मग चालू ठेवा’ म्हणतील, त्यांच्या भरवशावर हे काम टिकेल.